ज्युसेरो मशीन नीट चालत होतं, मग एवढं हसं का झालं?

फुरसतराव

मंडळी नमस्कार. भाच्याचं एमबीए चालू आहे, त्याला प्रेझेंटेशनसाठी फसलेलं प्रॉडक्ट निवडायचं होतं, त्याने ज्युसेरो निवडलं. मला फक्त नाव माहीत होतं, अमेरिकेतलं ते वायफायवालं ज्यूस मशीन आणि त्यावरून नेटवर झालेली धमाल, एवढंच. पण त्याच्याबरोबर बसून वाचायला लागलो आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसेना. मशीन बिघडत नव्हतं. त्याने कुणाला शॉक दिला नाही, कुणाचं घर जळलं नाही, ज्यूस बेचव म्हणून बोंब झाली असंही नाही. दिसायला तर झकास होतं, डिझाइन ईव्ह बेहारचं, म्हणजे त्या क्षेत्रातला मोठा माणूस. तरी सगळ्या जगाने दात काढले आणि सोळा-सतरा महिन्यांत कंपनीला टाळं.

भाचा म्हणतो किंमत जास्त होती म्हणून. मला नाही पटत. लोक कॉफीच्या मशीनला याच्या दुप्पट पैसे घालतात, त्यांना कुणी हसत नाही, उलट घरी बोलावून कॉफी पाजतात आणि आपण वा वा करतो. जगात महाग वस्तू काय कमी आहेत का. मग हीच का जोक झाली? जाणकारांनी जरा सांगा, पोराचं प्रेझेंटेशन जवळ आलंय.

चावडीवरचा_आबा

राव, तुम्ही मेन सीनच गाळलात की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

डग इव्हान्स हा गडी आधी न्यूयॉर्कात ऑरगॅनिक अव्हेन्यू नावाची ज्यूसची दुकानं चालवायचा, म्हणजे ज्यूसमधला माणूस होता, उगाच उपटलेला नव्हता. त्याने सॅन फ्रान्सिस्कोत ज्युसेरो काढली आणि गूगल व्हेंचर्स, क्लायनर पर्किन्स, सूपवाली कॅम्पबेल असल्या दिग्गजांकडून मिळून साधारण १२ कोटी डॉलर उभे केले. तेव्हाच्या रेटने साडेसातशे कोटी रुपयांच्या वर, कशासाठी तर ज्यूससाठी. मार्च २०१६ ला मशीन बाजारात आलं, किंमत ६९९ डॉलर. त्यात आपण फळं टाकायचीच नाहीत, कंपनी चिरलेल्या भाज्या-फळांची सीलबंद पाकिटं घरी पाठवणार, एकेक पाकीट ५ ते ८ डॉलरला, ते मशीनमध्ये लटकवायचं, बटण दाबायचं, की पेलाभर ज्यूस. इव्हान्स सांगायचा मशीन चार टनांचा जोर लावतं, दोन टेस्ला गाड्या उचलता येतील एवढा.

आता सीन. १९ एप्रिल २०१७ ला ब्लूमबर्गच्या दोघी पत्रकारांची बातमी आली. त्यांनी काय केलं तर पाकीट घेतलं आणि हातांनी पिळलं. बास. दीड मिनिटात साडेसात औंस ज्यूस निघाला. मशीनला आठ औंस काढायला दोन मिनिटं लागली. व्हिडिओ पण होता, दोन हात, एक पाकीट आणि खाली पेला. वर आणखी मजा म्हणजे ज्यांनी पैसे घातले होते त्यांच्यातल्याच दोघांना नंतर कळलं की अरे हे हातानेही पिळता येतं, आणि तेच चाट पडले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या व्हिडिओतच आहे. बाकीची फसलेली प्रॉडक्ट्स समजावून सांगायला परिच्छेद लागतो. हे कळायला कुठलीच भाषा यायची गरज नाही, आमच्या म्हातारीला आवाज बंद करून दाखवलं तरी ती हसली असती.

पाना_नंबर_१४

आबा +१, पण धागाकर्त्याने "मशीन नीट चालत होतं" म्हटलंय त्यावर बोलायचंय. मी मशीन डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे हे प्रकरण तेव्हा आमच्या ऑफिसात चहाला पुरलं होतं.

बातमी आल्यावर लगेच बोल्ट नावाच्या कंपनीच्या बेन आइनस्टाइनने (हो खरंच हे नाव आहे, मी बनवत नाहीये) मशीन खोलून आतल्या सगळ्या पार्टचे फोटो टाकले. बोल्ट ही हार्डवेअर स्टार्टअपमध्ये पैसे घालणारी कंपनी, म्हणजे बघणारा माणूस आपल्याच धंद्यातला. आत काय निघालं तर मशीनिंग केलेले ॲल्युमिनियमचे जाडजूड पार्ट, तगडे गिअर, स्पेशल बनवून घेतलेला पॉवर सप्लाय. बाजारात तयार मिळेल असं फार काही नाहीच, जवळपास सगळं यांच्यासाठी मुद्दाम बनवलेलं. त्याचा सूर असा होता की बांधणी एक नंबर आहे, पण ज्यूसच्या मशीनला एवढी बांधणी कोण करतं.

आता एवढं तगडं का लागलं तेही सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपल्या रसवंतीतला चरक बघा. ऊस दोन रुळांच्या फटीतून जातो. जोर पडतो तो त्या बारीकशा रेषेवर, एका वेळी उसाच्या छोट्या तुकड्यावर, म्हणून हाताने चाक फिरवलं तरी उसासारखी टणक वस्तू पिळून निघते आणि एकेकाळी गुऱ्हाळात बैल लावून कढई कढई रस काढायचे. ज्युसेरोने काय केलं, अख्खं पाकीट दोन सपाट पाट्यांमध्ये धरून एकदम चेपलं. क्षेत्रफळ वाढलं की तेवढाच दाब द्यायला जोर त्या पटीत वाढवावा लागतो, साधं आठवीचं विज्ञान. म्हणून चार टन. आणि चार टन पेलायचे तर फ्रेम जाड हवी, फ्रेम जाड तर मोटर मोठी, मोटर मोठी तर सप्लाय स्पेशल, असं ते वाढत वाढत गेलं आणि शेवटी किचनच्या ओट्यावर वर्कशॉपचा प्रेस येऊन बसला.

हाताने पिळणारा काय करतो? बोटांनी थोडं थोडं दाबत खाली येतो, म्हणजे चरकाचीच पद्धत. शिवाय भाजी आधीच बारीक चिरून पाकिटात भरलेली, म्हणजे अवघड काम लॉस एंजेलिसच्या कारखान्यातच उरकलेलं. मशीनसाठी उरलं काय तर पिशवी दाबणं. मला विचाराल तर मशीन चांगलं होतं आणि तेच दुखणं होतं. फालतू प्लास्टिकचं, किरकिर करणारं, चाळीस डॉलरचं असतं तर कुणी बातमीही केली नसती.

सुगरण_अजिबात_नाही

मी जरा उलट बाजूने बोलते, कारण इथे सगळे पुरुष ज्यूस प्यायलेत पण ज्यूसर कुणी धुतलेला दिसत नाही.

घरचा ज्यूसर हे प्रकरण म्हणजे पेलाभर ज्यूस आणि टबभर भांडी. ती जाळी असते ना, तिच्यात गाजराचा चोथा जो अडकतो तो ब्रशने घासून घासून पण एखादी शीर राहतेच आणि दुसऱ्या दिवशी वास मारते. म्हणून तर बहुतेक घरांत ज्यूसर माळ्यावर जातो. ज्युसेरोचा दावा हाच होता की धुवायचं काही नाही, चोथा पाकिटातच राहतो, ज्यूस पाकिटातूनच थेट पेल्यात पडतो, मशीनच्या आतल्या कशालाही लागत नाही. ही सोय खरी आहे हो. हे ज्याने शोधलं त्याला अडचण कळलेली होती.

पण मग विचार केला आणि मलाच हसू आलं. धुणं वाचलं ते पाकिटामुळे. मशीनमुळे नाही. पाकीट हाताने पिळलं तरी धुवायला काहीच नाही, फक्त हात! म्हणजे शोध लागला होता तो पाकिटाचा आणि यांनी विकायला काढलं ते मशीन. नुसती पाकिटं दुकानात ठेवली असती तर कदाचित चाललीही असती, पण ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनाच पाकिटं मिळणार असा नियम. मशीन नाही तर पाकीट नाही आणि पाकीट नाही तर मशीन हा नुसता ठोकळा.

फुरसतराव

ताई, हे भारी आहे. हा मुद्दा भाच्याला दिला, त्याने लगेच स्लाइड केली.

पण मग वायफाय कशाला होतं त्यात? दाबायला तर नेट लागत नाही.

कुलूपवाला

आता आलात मुद्द्यावर. वायफाय हाच माझ्या मते खरा जोक, हातांचा व्हिडिओ नुसतं निमित्त.

प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोड. मशीनमध्ये कॅमेरा, तो कोड वाचणार, नेटवरून विचारणार की बाबा हे पाकीट आमचंच का, ताजं आहे का, आणि तिकडून हो आलं तरच दाबणार. नेट गेलं, ज्यूस बंद. तारीख उलटली, ज्यूस बंद. पाकिटाचं आयुष्य साधारण आठ दिवस. समजा नवव्या दिवशी तुम्ही फ्रिजमधून काढलं, वास घेतला, तुम्हाला ठीक वाटतंय, तरी मशीन म्हणणार नाही. तुमच्या पैशांनी घेतलेलं मशीन, तुमच्या पैशांनी घेतलेली भाजी, आणि परवानगी सॅन फ्रान्सिस्कोहून.

कंपनीची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी. तेव्हा इव्हान्सच्या जागी जेफ डन सीईओ झाला होता, आधी कोकाकोलाच्या उत्तर अमेरिकेचा प्रमुख होता, कच्चा माणूस नव्हे. त्याने लांबलचक लिहून उत्तर दिलं. सार असं की आम्ही पाश्चराइज न केलेली कच्ची भाजी विकतो, उद्या पालकाचा एखादा लॉट खराब निघाला आणि परत मागवायची वेळ आली तर आम्ही ती पाकिटं लांबूनच बंद करू शकतो. अमेरिकेत पालेभाज्यांवरून असले प्रकार होतात हे खरंय, त्यामुळे मुद्दा अगदी हवेतला नाही. पण तारीख तर पाकिटावर छापलेलीच होती! आणि हाताने पिळणाऱ्याला कसला आलाय क्यूआर कोड, तो कुणाला विचारत बसणार.

म्हणून मी म्हणतो की ते मशीन म्हणजे ज्यूसर नव्हताच, कुलूप होतं. ६९९ डॉलरचं कुलूप गिऱ्हाईकानेच विकत घ्यायचं आणि मग चावी दर आठवड्याला विकत घ्यायची. पत्रकारांनी दाखवलं की दार उघडंच आहे, नुसतं ढकला. कुलूप विकणाऱ्याची यापेक्षा वाईट फजिती होऊ शकत नाही.

पाना_नंबर_१४

"परवानगी सॅन फ्रान्सिस्कोहून" हे फ्रेम करून लावतो ऑफिसात.

खाडीपल्याड

मी तेव्हा तिकडेच, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास नोकरीला होतो. सगळ्यांचं हसून झालं असेल तर थोडं वेगळं लिहितो, पटलं नाही तर सोडून द्या.

एक, तुम्ही आत्ता जे म्हणताय ते तेव्हा तिथे कुणालाच वेड्यासारखं वाटत नव्हतं. कॉफीच्या पॉडची (एकेका कपाची सीलबंद पुडी) मशिनं घरोघरी होती, प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग हे तर पिढ्यानपिढ्या चाललंय, दर महिन्याला डब्यात काहीतरी घरी येणार असली सबस्क्रिप्शनं ढिगाने निघालेली. पैसे घालणाऱ्यांनी या सगळ्याची बेरीज केली. मशीनवर तोटा झाला तरी चालेल, पाकिटं रोज खपतील. कॅम्पबेलचा तर हिशोब अजून सरळ, त्यांनी २०१२ मध्ये गाजर आणि ज्यूसवाली बोल्टहाउस फार्म्स विकत घेतली होती आणि हा डन त्याच बोल्टहाउसचा आधीचा सीईओ. म्हणजे ज्यूसच्या धंद्यातले मुरलेले लोक होते हे.

दोन, टायमिंग. २०१७ च्या एप्रिलपर्यंत लोकांचं डोकं असल्या कंपन्यांवरून आधीच तापलेलं होतं. त्या शहरात घरभाडी आभाळाला टेकलेली, फुटपाथवर तंबू, आणि त्याच गल्लीत साडेसातशे कोटी रुपये ज्यूसच्या पिशवीत. राग कुठेतरी निघणार होताच, रागाने बोललं तर कोण ऐकतं, हसून बोललं की सगळं जग ऐकतं. माझ्या मते ते हसणं मशीनला नव्हतंच, ज्यांनी चेक फाडले त्यांना होतं. फुरसतराव, म्हणूनच तुमचं कॉफी मशीनचं उदाहरण इथे लागू पडत नाही. कॉफी मशीन घेणारा स्वतःच्या हौसेचे पैसे घालतो, त्याने जग बदलतोय असं कधी म्हटलेलं नसतं.

आणि अजून एक. बातमी आल्यावर कंपनीने काय केलं हे सहसा कुणी सांगत नाही. ज्यांनी ज्यांनी मशीन घेतलं त्या सगळ्यांना तीस दिवसांच्या आत परत करा, पैसे घ्या, असं जाहीर केलं. किंमत जानेवारीतच ३९९ वर आणली होती, जुलैमध्ये चौथा हिस्सा लोक कमी केले आणि २०० डॉलरच्या आसपासचं स्वस्त मशीन आणतो म्हणाले. ते काही झालं नाही. १ सप्टेंबर २०१७ ला बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हाही पैसे परत द्यायला नव्वद दिवस दिले. पळून गेले नाहीत. असल्या बाबतीत एवढं पण कोण करतं हल्ली.

चावडीवरचा_आबा

मान्य साहेब, पळून नाही गेले. पण हसण्याचं म्हणाल तर ते मशीनला पण होतं. चेक फाडणाऱ्यांना रोजच हसतो आपण, ते कुठे व्हायरल होतं.

रात्रपाळी

अवांतर लिहू का? लिहितोच.

ज्युसेरो काही एकटं नव्हतं, त्या दोन-तीन वर्षांत वरातच निघाली होती. ट्विटरवर "इंटरनेट ऑफ शिट" नावाचं अकाउंट होतं, २०१५ पासून, त्याचं कामच हे, जगातल्या प्रत्येक वायफाय लावलेल्या फालतू वस्तूचं स्वागत करायचं. मीठदाणीला ब्लूटूथ स्पीकर लावलेला, अंडी किती उरली ते फोनवर सांगणारा ट्रे, भरभर खाल्लं की थरथरणारा काटाचमचा. हे सगळं खरं आहे.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे ऑक्टोबर २०१६ मधला इंग्लंडमधला किटलीवाला. डेटाच्या धंद्यातला माणूस, म्हणजे अडाणी नव्हे, त्याने वायफायची किटली आणली आणि सकाळी चहासाठी जोडायला बसला. अकरा तास लागले. अकरा! दिवसभर ट्विटरवर रनिंग कॉमेंट्री देत होता, अर्ध्या जगाने बघितली. शेवटी किटली आवाजी हुकूम ऐकायला लागली, तोपर्यंत रात्र झालेली आणि घरातले दिवे अपडेट डाउनलोड करत बसलेले, म्हणून कुटुंब अंधारात जेवत होतं. इंग्रज माणसाला चहासाठी अकरा तास, यावर वेगळा जोक करायची गरजच नाही.

सुगरण_अजिबात_नाही

अकरा तासांत मी चहाचा मळा लावला असता.

कुलूपवाला

रात्रपाळी भाऊ, तुमचा किटलीवाला स्वतःच्या हौसेने अडकला होता म्हणून हसायला मजा येते. पण याच वरातीत रिव्हॉल्व्ह नावाचा डबा होता, घरातले दिवे, कुलपं वगैरे एकत्र चालवणारा, २९९ डॉलरचा. गूगलच्याच नेस्ट नावाच्या स्मार्ट-घरवाल्या कंपनीने ती २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हरच बंद केला. घेणाऱ्यांच्या घरात डबा चालू स्थितीत, वीज चालू, काही मोडलेलं नाही, आणि तरी एका सकाळी तो निव्वळ डबा झाला. त्यावर लोक हसले नाहीत, चिडले.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनचं क्लाउड काही तास झोपलं तेव्हा एट स्लीपच्या स्मार्ट गाद्यांचा घोळ आठवतोय ना? हजारो डॉलरची गादी, थंड-गरम करणारी, वरखाली होणारी. क्लाउड गेलं तर काहींची गरम होऊन बसली, काहींची डोक्याकडून वर उचललेली तशीच अडकली. लोक रात्री घामाने भिजून ट्विट करतायत. नंतर कंपनीने नेटशिवाय ब्लूटूथवर चालेल अशी सोय दिली. म्हणजे ही अक्कल यायला २०२५ उजाडलं, ज्युसेरो होऊन आठ वर्षं झाली होती.

फुरसतराव

सगळ्यांना धन्यवाद, अपेक्षेपेक्षा फारच मिळालं. भाच्याने धागा वाचला, त्याचं आता खाडीपल्याड यांच्याशी जमतंय, तो म्हणतो किंमत नाही पण "कुणाचे पैसे" हा मुद्दा आहे. मला अजून ताईंचंच पटतं, पाकिटाचा शोध आणि मशीनची विक्री. दोन्ही स्लाइड ठेवायला सांगितल्यात, सरांना काय आवडेल ते आवडो.

एक शेवटचं, कंपनी बंद झाल्यावर पाकिटं बंद, मग ज्यांनी मशीन परत नाही केलं त्यांनी त्याचं काय केलं असेल?

पाना_नंबर_१४

ओट्यावर ठोकळा. आतलं ॲल्युमिनियम मात्र चांगलं आहे हो, भंगारवाल्याला देताना वजनावर भाव करा म्हणावं.

आणि भाच्याला एक सांगा, हे स्लाइडवर नसेल तर टाक म्हणावं. ज्या एप्रिल २०१७ मध्ये पिशवी पिळल्याची बातमी आली त्याच महिन्यात ज्युसेरोने ज्युसिर नावाच्या दुसऱ्या ज्यूस मशीनवाल्यांवर केस ठोकली होती. कशाबद्दल, तर आमच्या पिशवी दाबायच्या पेटंटची नक्कल केली म्हणून.

चावडीवरचा_आबा

मग त्या दोघी पत्रकारांवर का नाही ठोकली? त्यांनी तर उघड उघड व्हिडिओ काढून नक्कल केली होती.